तीन संत आणि त्यांच्या नावावरचे चमत्कार

चमत्काराची चर्चा आपल्याकडे एकाच प्रश्नापाशी अडते : हे घडले की नाही? विवेकवादी म्हणतो, घडणे शक्य नाही. भाविक म्हणतो, श्रद्धा ठेवा. मी निःसंशय विवेकवाद्याच्या बाजूचा आहे. पण दलित समीक्षेचे काम एवढ्याने संपत नाही. चमत्कार खोटा ठरल्यावरही एक प्रश्न उरतोच : या चमत्काराने सोय कोणाची झाली?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' हा १९४८ सालचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. तिघेही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत जन्मलेले. परंपरेने या तिघांच्या नावावर घातलेले चमत्कार शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

नंदनाराची कथा बाराव्या शतकातील तमिळ 'पेरियपुराणम्'मध्ये येते. त्याला चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन हवे आहे. जात आडवी येते. देवाच्या आज्ञेने अग्नी पेटवला जातो, नंदनार त्यात शिरतो आणि जानवे घातलेला ब्राह्मण मुनी होऊन बाहेर पडतो. मग त्याला देवळात प्रवेश मिळतो. रविदासांच्या कथेत ब्राह्मण त्यांच्या पंगतीला बसायला तयार नाहीत. तेव्हा रविदास आपली त्वचा चिरून आतले जानवे दाखवतात. पूर्वजन्मी ते ब्राह्मण होते म्हणे! चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून गाडले गेले. कथा सांगते, की ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती नामदेवांनी वेचून पंढरपुरास आणली. समाधी झाली ती महाद्वारासमोर, देवळाबाहेर.

पहिल्या दोन चमत्कारांत देव नियम मोडत नाही, माणूस बदलतो. ब्राह्मणानेच आत जावे, हा नियम शाबूत राहतो. फक्त एका माणसाला ब्राह्मण करून घेतले जाते. तिसऱ्या चमत्कारात चोखोबा महारच राहतात, म्हणून बाहेरच राहतात. शिवाय हाडांतल्या नामघोषात आपण इतके रमतो, की ती भिंत कोणाची, तिच्याखाली महारच का मेले, हे विचारायचे राहून जाते. चोखोबांच्या अभंगांत वेदना आहे, देवाला विचारलेला जाब आहे. चरित्रकथेने तो जाब झाकून टाकला, असे माझे मत आहे.

पंढरपूरचे दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. ते माणसांनी उघडले. आणि त्याआधीच, १९३५ साली, बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केलेली होती.

१९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, 'द बुद्ध अँड हिज धम्म' प्रसिद्ध झाला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे काहीच पाहिले नव्हते, हे त्यांना पटेना. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, संघाच्या बहुमतापुढे एकटा पडतो आणि परिव्रज्या घेतो. मूळ ग्रंथांशी ही मोकळीक घेणे आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला मात्र यात एक मूल्यनिर्णय दिसतो. दुःखाचे कारण त्यांनी आकाशातून खाली, माणसामाणसांतल्या पाण्याच्या भांडणात आणले. १९२७ साली महाडला पाण्यासाठीच लढलेल्या समाजाला हा बुद्ध आपला वाटला, तर त्यात नवल काय?

आता प्रश्न आपला आहे. बाबासाहेब अवतारी पुरुष होते, असे आपल्यातलाच कोणी म्हणू लागला, की त्यांची रात्ररात्रीची वाचने, त्यांनी बांधलेल्या संघटना, त्यांचे पराभव, सारे पुसले जाते. दैवी पुरुषाची पूजा होते. त्याचे काम कोणी पुढे नेत नाही. आपल्या कवींनी आणि कथाकारांनी आपले लेखन या कसोटीवर एकदा घासून पाहावे.