अभिमन्यूची विद्या आणि श्रोत्यांचे तर्क

बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिका दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात दाखविली गेली. २०२० साली ती पुन्हा प्रसारित झाली. अशा मालिकांच्या प्रेक्षकांत अभिमन्यूविषयी एक तर्क हटकून चालतो. चक्रव्यूह भेदण्याची त्याची शक्ती पित्याच्या रक्तातून आली, की गर्भातील श्रवणातून? सुभद्रेस झोप लागली नसती तर तो वाचला असता काय? हे तर्क पोरकट म्हणून बाजूस सारणे समीक्षकास शोभणारे नाही. कथेत जेथे पोकळी दिसते तेथे श्रोता आपली कल्पना भरतो, आणि ही सवय दूरचित्रवाणीहून फार जुनी आहे.

तिचे एक उदाहरण बडोद्यातील वाडीत सापडते. सतराव्या शतकातील गुजराती कवी प्रेमानंद हा याच वस्तीचा. तांब्याच्या घड्यावर बोटांतील अंगठ्यांनी ताल धरून कथा सांगणाऱ्या माणभट्टांच्या परंपरेतील तो अग्रणी होय. मराठी कीर्तनात वाढलेल्या श्रोत्यास ही रीत परकी वाटणार नाही. प्रेमानंदाच्या ‘अभिमन्यु आख्याना’त (१६७१) कृष्णावर सूड उगविण्याच्या हेतूने आलेला असुर सुभद्रेच्या उदरात शिरतो. कृष्ण तिला व्यूहाची कथा सांगत असता हुंकार येतो तो गर्भातून. तेव्हा कृष्ण सावध होऊन कथा अपुरी सोडतो. अर्धी विद्या कशी राहिली, आणि मामा भाच्याच्या रक्षणास का धावला नाही, या दोन्ही शंकांचे निरसन येथे एकाच कल्पनेने होते. आख्यानकाराच्या दृष्टीने ही रचना चतुर आहे, यात संशय नाही.

परंतु मूळ ग्रंथ काय सांगतो? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीत गर्भातील श्रवणाची कथा नाही. द्रोणपर्वातील अभिमन्यू एवढेच सांगतो की, व्यूह फोडण्याचा उपाय पित्याने शिकविला, संकटात बाहेर पडण्याचा मात्र त्यास अवगत नाही. युधिष्ठिर व भीम हे ऐकतात, आम्ही तुझ्या मागोमाग येऊ असे आश्वासन देतात, आणि जयद्रथ त्यांची वाट अडवितो.

या दोन कथांतील अंतर केवळ पाठभेदाचे नाही. शक्ती जन्मजात मानली की तिचा अपुरेपणाही जन्मजात ठरतो. मग दोष निद्रिस्त मातेचा, पूर्वजन्मीच्या वैराचा किंवा दैवाचा. मूळ कथेत मात्र दोष वडीलधाऱ्यांकडे येतो: पित्याने अर्धेच शिकविले, आणि ते ठाऊक असूनही ज्येष्ठांनी सोळा वर्षांच्या मुलास पुढे धाडले. शोकांतिकेची धार येथे आहे. गर्भकथा ती बोथट करते.

म्हणून सर्वच तर्क त्याज्य ठरतात काय? तसे नाही. ‘युगान्त’ (१९६७) या ग्रंथात इरावती कर्वे यांनी युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा, असा तर्क मांडला. तोही आनुवंशिकतेचाच, पण तो ग्रंथातील खुणांवर उभा आहे. आश्रमवासिक पर्वात अंतकाळी विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो, ही त्यांपैकी एक होय. तर्क मान्य होवो वा न होवो, त्याने युधिष्ठिराची जबाबदारी हलकी होत नाही. उलट दोघांतील अबोल नाते अधिक गहन होते.

तेव्हा श्रोत्याच्या तर्काची कसोटी दुहेरी असावी: त्यास ग्रंथात आधार आहे काय, आणि त्याने पात्राच्या कृतीचे वजन वाढते की घटते? प्रेमानंदाची कल्पना पहिल्या कसोटीस उतरत नाही. तिचे मोल स्वतंत्र काव्य म्हणून आहे, आणि ते तसेच मानावे. मालिका पाहून वर्गात आलेला विद्यार्थी जेव्हा सुभद्रेच्या झोपेविषयी विचारतो, तेव्हा त्यास द्रोणपर्वातील ते साधे संभाषण वाचून दाखवावे. अर्धवट शिकवून रणात पाठविण्याचा दोष कोणाचा, हा प्रश्न त्यास आपोआप पडेल. आणि तो प्रश्न आपणां शिक्षकांसही टाळता येण्याजोगा नाही.