अजाण निवेदक आणि वाचकाचे अश्रू : चाहत्यांच्या करुण कथांच्या संदर्भात

प्रस्तावना :

एखाद्या प्रसिद्ध कलाकृतीतील पात्रे व त्यांचे विश्व घेऊन तिच्या चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या कथांना 'फॅन फिक्शन' म्हणतात. १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी 'स्पॉकॅनालिया' हे हौशी नियतकालिक काढले. पुढे १९९८ मध्ये 'फॅनफिक्शन डॉट नेट' आणि २००९ मध्ये 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' ही संकेतस्थळे सुरू झाल्यावर या लेखनाचा प्रचंड विस्तार झाला. त्यात करुण कथांना मोठा वाचकवर्ग आहे. कथेने रडवले, हीच तेथे तिची सर्वांत मोठी प्रशंसा असते. याउलट, असे अश्रू भावविवशतेचे लक्षण होत, असे म्हणून समीक्षा बहुधा त्यांच्याकडे पाठ फिरवते. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. अजाण निवेदकाच्या करुण कथेचा विचार केल्यास त्यांचे अपुरेपण विशेष स्पष्ट होते.

अजाण निवेदक आणि करुण रस :

ज्या निवेदकाला स्वतःच सांगत असलेल्या घटनांचा पूर्ण अर्थ कळत नाही, तो अजाण निवेदक होय. त्याचे अजाणतेपण वयातून, बौद्धिक मर्यादेतून किंवा परिस्थितीतून आलेले असू शकते. डॅनिएल कीज यांच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' (कथा १९५९, कादंबरी १९६६) मधील चार्ली गॉर्डन हे याचे ठळक उदाहरण आहे. आपली थट्टा करणाऱ्या सोबत्यांना तो जिवलग मित्र समजतो आणि त्यांच्या हसण्यात स्वतःही सामील होतो. शस्त्रक्रियेने लाभलेली बुद्धी ओसरू लागते, तेव्हा त्याच्या लेखनातील शुद्धलेखनाच्या चुका परततात. शेवटी तो मागणे मागतो तेही उंदराच्या थडग्यावर फुले ठेवण्याचे. स्वतःसाठी अश्रू मागत नाही. मराठीत प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास' (१९९४) मधील लंपन हा याच कुळातला निवेदक आहे. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे राहणारा हा मुलगा ताटातुटीवर भाष्य करीत नाही. तो दिसेल ते सांगत जातो आणि त्यामागचे एकटेपण वाचकाला जाणवत राहते.

रससिद्धांताच्या परिभाषेत सांगायचे तर येथे शोकाचे विभाव पूर्णपणे उपस्थित असतात, परंतु अनुभाव जवळजवळ नसतात. निवेदक विलाप करीत नाही, कारण विलापाचे कारण त्याला उमगलेलेच नसते. हा रिकामा राहिलेला भाग वाचक स्वतःच्या अश्रूंनी भरून काढतो. पात्र रडते म्हणून तो रडत नाही. पात्राला रडता येत नाही म्हणून त्याला रडावे लागते.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदा येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक पात्राशी तादात्म्य पावतो, पण आपले वेगळेपण विसरत नाही, असा तिचा आशय आहे. केळकरांच्या विवेचनात हे दुहेरी भान वाङ्मयीन आनंदाचे कारण ठरते. अजाण निवेदकाच्या कथेत मात्र तेच दुःखाचे उगमस्थान बनते. वाचक निवेदकाच्या डोळ्यांनी पाहतो आणि त्याच वेळी त्याला न दिसणारे संकटही पाहतो. त्याला सावध करणे मात्र वाचकाच्या हाती नसते. या प्रतिसादात करुणेबरोबर असहायता आणि किंचित अपराधभावही मिसळलेला असतो तो यामुळेच.

चाहत्यांच्या कथेतील दुहेरी जाण :

चाहत्यांच्या कथेत ही असहायता अधिक तीव्र होते, कारण वाचक मूळ कृती वाचून आलेला असतो. मूळ कथानकाच्या आधीच्या काळात घडणाऱ्या कथेतील प्रत्येक पात्र त्याच्या दृष्टीने अजाणच असते. 'हॅरी पॉटर' मालिकेवर आधारलेली, २०१७-१८ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली १८८ प्रकरणांची 'ऑल द यंग ड्यूड्स' ही कथा या दृष्टीने लक्षणीय आहे. ती तृतीयपुरुषी असली तरी रीमस ल्यूपिनच्या दृष्टीने उलगडते. मूळ मालिकेनुसार, मित्रांचा घात सिरियस ब्लॅकने केला असे रीमस बारा वर्षे मानत राहतो. सिरियस निर्दोष आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे वसतिगृहातील चार मित्रांच्या साध्या खोड्यादेखील निर्भेळ आनंदाने वाचता येत नाहीत.

'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'च्या सूचनापद्धतीनेही हाच परिणाम साधतो. प्रमुख पात्राचा मृत्यू असल्यास लेखक कथेच्या आरंभीच तशी सूचना देऊ शकतो. अशा सूचनेने रहस्य संपते, पण कारुण्य वाढते. पुढचा मृत्यू ठाऊक असलेल्या वाचकाला निवेदकाचे 'उद्या आपण जाऊ' हे साधे वाक्यही जड वाटू लागते.

अश्रूंचे मोल :

तथापि, या अश्रूंचे सारे श्रेय नव्या कथेला देता येईल काय? अभिनवगुप्तांनी रसास्वादातील विघ्नांमध्ये स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडण्याचा समावेश केला आहे. चाहत्याचे पात्राविषयीचे ममत्व असे विघ्न ठरू शकते. पात्राचे केवळ नाव घेताच डोळे भरून येत असतील, तर ते अश्रू मूळ कृतीने कमावलेले आहेत. नव्या कथेने ते उसने घेतले आहेत. निवेदकाचे अजाणतेपणही केवळ वाचकाला रडवण्यासाठी योजलेले असू शकते. अशा वेळी निवेदक वाचकाला हवे तेवढेच पाहतो आणि हवे तेवढेच विसरतो.

यावर एक कसोटी सुचवता येते. अजाण निवेदकाला जाणत्या वाचकापेक्षा कमी कळते, हे उघड आहे. पण त्याला काही वेगळे दिसते काय? चार्लीला सोबत्यांचा कुत्सितपणा दिसत नाही, पण उंदराचे एकाकीपण दिसते, आणि ते त्याच्याआधी कोणालाही दिसलेले नसते. जेथे अजाणतेपण ही अशी स्वतंत्र दृष्टी असते, तेथे वाचकाला स्वतःच्या जाणतेपणाची मर्यादा कळते. जेथे ती नसते, तेथे वाचक निवेदकाची कीव करतो आणि स्वतःच्या कोमल मनावर संतुष्ट होतो.

निष्कर्ष :

अश्रू हा वाङ्मयीन गुणवत्तेचा पुरावा नव्हे. तसेच तो वाचकाच्या अप्रगल्भतेचाही पुरावा नव्हे. अजाण निवेदकाच्या कथेत वाचक करुण रसाचा केवळ ग्राहक न राहता त्याचा सहनिर्माता होतो. चाहत्यांच्या कथेत हे सहनिर्माण मूळ कृतीच्या स्मृतीमुळे सुलभ होते, आणि या सुलभतेतच तिचा धोका असतो. म्हणून वाचक रडला की नाही एवढ्यावर समीक्षेने थांबू नये. जे निवेदकाला कळले नाही त्यासाठी तो रडला, की जे त्याला स्वतःला आधीच ठाऊक होते त्यासाठी, हे पाहणे आवश्यक आहे.