हैतीवरील अमेरिकी अंमल आणि प्राइस-मार्स यांचा ग्रंथ

परकीय सत्तेखाली जन्मलेल्या वाङ्मयाचा विचार करताना एक सोपे समीकरण मांडण्याचा मोह टीकाकारास सहसा आवरत नाही : परकीयांनी अपमान केला, अपमानातून स्वत्व जागे झाले आणि स्वत्वातून वाङ्मय निपजले. झाँ प्राइस-मार्स (१८७६–१९६९) यांचा 'असे बोलले काका' हा १९२८ साली प्रसिद्ध झालेला फ्रेंच ग्रंथ या समीकरणाचा जणू आदर्श दाखला म्हणून पुढे केला जातो. अमेरिकेने हैतीवर बसविलेल्या अंमलाला त्या बेटाने दिलेले हे बौद्धिक उत्तर, असे त्याचे वर्णन रूढ झाले आहे. हे वर्णन खोटे नव्हे. परंतु ग्रंथ मुळातून वाचला असता त्याचा रोख वेगळ्याच दिशेला असल्याचे ध्यानात येते, व त्या दिशेचा विचार केल्यावाचून ग्रंथाचे पुढे जे झाले त्याचा उलगडा होत नाही.

प्रथम घटनांविषयी थोडेसे. १ जानेवारी १८०४ रोजी गुलामांच्या बंडातून हैतीचे राज्य स्वतंत्र झाले. अमेरिकेने त्यास मान्यता दिली ती १८६२ मध्ये. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतील पाच लक्ष डॉलरांचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले. २८ जुलै १९१५ रोजी अध्यक्ष व्हिलब्रँ गियोम साम यांस जमावाने ठार केले आणि त्याच दिवशी अमेरिकी सैन्य पोर्तोप्रँस येथे उतरले. ते १९३४ च्या ऑगस्टपर्यंत तेथे राहिले. तिजोरीवरील देखरेख तर १९४७ पर्यंत चालली. परकीयास जमिनीची मालकी मिळू नये, हा देसालीनच्या काळापासून चालत आलेला निर्बंध १९१८ च्या संविधानाने काढून टाकला. ते संविधान आपणच लिहिले, अशी बढाई फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९२० च्या निवडणूक प्रचारात मारली होती.

याहून बोलकी गोष्ट वेठीची. रस्ते बांधण्यासाठी अमेरिकी अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांस वेठीस धरले, गावापासून दूर नेले आणि प्रसंगी दोरांनी जखडून कामास लावले. त्यातून उत्तरेकडे शार्लमाञ पेराल्ट यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. १९१९ मध्ये पेराल्ट यांस कपटाने मारण्यात आले. त्यांचे प्रेत एका दाराला बांधून त्याचे छायाचित्र घेतले व त्याच्या प्रती लोकांत वाटल्या. दहशत बसावी हा त्यामागील हेतू. पण लोकांस त्या चित्रात क्रूसावरील ख्रिस्त दिसला, आणि फिलोमे ओबँ या हैतीच्या चित्रकाराने ते दृश्य पुढे त्याच भावनेने रंगविले.

आता ज्या कायद्याखाली ही वेठ घेतली गेली, तो अमेरिकेने केलेला नव्हता. तो हैतीच्याच १८६४ च्या ग्रामीण संहितेत होता. व्होडूच्या उपासकांवर जो बडगा उगारला गेला, त्याचा आधारही हैतीच्या १८३५ च्या दंडसंहितेतच सापडला. अधिकाऱ्यांनी या कायद्यांचा वापर मूळ मर्यादेपलीकडे नेला हे खरे, व त्याचा दोष त्यांच्याकडेच जातो. तथापि ही हत्यारे घरच्याच कपाटात ठेवलेली होती. खेडुताविषयीचा तिरस्कार पाहुण्याने बरोबर आणला आणि यजमानापाशी तो आधीच शिल्लक होता.

प्राइस-मार्स यांनी नेमके हेच हेरले. त्यांनी १९१९ मध्ये 'अभिजनांचे कर्तव्य' या अर्थाचा ग्रंथ लिहून, देश हातातून जाण्याचे खापर प्रथम सुशिक्षितांच्या माथी फोडले होते. 'काका'त ते पुढचे पाऊल टाकतात. फ्रेंच संस्कृतीचे वारस म्हणवून घेणारा आपला वर्ग स्वतःला आहे त्याहून वेगळा समजतो, यास ते सामुदायिक 'बोव्हारी-वृत्ती' म्हणतात. ही संज्ञा ज्यूल द गोतिए यांची. पण तिचा असा उपयोग मात्र त्यांचा स्वतःचा. व्होडू हा धर्म होय, जादूटोणा नव्हे, हे ते नेटाने मांडतात. त्यांच्या ग्रंथानंतर वर्षभरातच सीब्रुक या अमेरिकी प्रवाशाने हैतीविषयी 'जादूचे बेट' लिहून त्याच सामग्रीचा भयकथेसारखा बाजार मांडला, हे लक्षात घेतले म्हणजे प्राइस-मार्स यांच्या संयमाची किंमत कळते.

लोककथांवरील भाग मला ग्रंथातील सर्वांत सकस वाटतो. बुकी आणि ती-मालिस ही हैतीच्या कथांतील जोडगोळी : एक धिप्पाड, भुकेला, भोळा, दुसरा चलाख व निर्दय. बुकी हा आफ्रिकेतून नुकताच आणलेला गुलाम आणि मालिस हा बेटावर जन्मलेला, मालकाच्या चालीरीती उचललेला गुलाम असावा, असा तर्क लेखक करतात. वोलोफ भाषेत 'बुकी' म्हणजे तरस. प्राणिकथा बोटीतून समुद्र ओलांडून आली आणि समाजकथा झाली. वाचकाने स्वतःलाच मालिसच्या जागी पाहावे, ही अपेक्षा लेखकाने बोलून दाखविलेली नाही, आणि ते बरेच झाले.

ग्रंथाची उणीवही येथेच आहे. खेडूत हा त्यात विषय आहे, वक्ता नाही. 'काका बोलले' असे शीर्षक सांगते. बोलतात ते व्याख्याते प्राइस-मार्स, फ्रेंचमध्ये, आणि ज्यांची खरडपट्टी काढायची त्यांच्याचसमोर. क्रेओल बोलणाऱ्या निरक्षर शेतकऱ्याच्या हाती हे पुस्तक पडणे शक्य नव्हते; ते छापले गेले तेदेखील फ्रान्समधील काँपिएञ येथे. आफ्रिकेविषयीचे विवेचन बरेचसे युरोपीय संशोधकांच्या आधारावर उभे आहे. ज्याच्या वतीने बोलायचे तो गैरहजर असेल, तर त्याच्या नावाने उद्या दुसराही कोणी बोलू शकतो. लोकसाहित्याच्या आपल्या अभ्यासकांसही हा धोका अनोळखी नाही.

हैतीत तसे घडलेही. जाक रूमँ यांनी 'दवाचे धनी' या १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत खेडुताला पाणी, जमीन आणि बोली दिली. ती एक वाट झाली. दुसरी वाट १९३८ मध्ये 'ले ग्रियो' या नियतकालिकापासून निघाली. त्याच्या संस्थापकांत एक तरुण डॉक्टर होते, फ्रांस्वा द्युव्हालिए. आफ्रिकी वारशाच्या गौरवाला त्यांनी वर्णाच्या राजकारणाचे रूप दिले आणि १९५७ पासून १९७१ पर्यंत हैतीवर दहशतीचे राज्य केले. प्राइस-मार्स यांस ते गुरुस्थानी मानत.

यावरून ग्रंथ दोषी ठरवावा काय? मला तसे वाटत नाही. अमेरिकी अंमलाने राजधानीच्या हुकमतीखालील एकसंध सशस्त्र दल मागे ठेवले व प्रांतांचे प्रतिकाराचे बळ मोडले होते. हुकूमशाहीची भूमी त्यानेच मुख्यत्वे नांगरली. शिवाय ग्रंथात निंदा आहे ती एका वर्गाच्या वृत्तीची, त्याच्या कातडीची नव्हे. हा भेद लेखकाने स्वतःही अखेरपर्यंत सोडला नाही. १९६७ मध्ये, द्युव्हालिए सत्तेवर असताना, नव्वदी ओलांडलेल्या प्राइस-मार्स यांनी रेने पिकियाँ यांस जाहीर पत्र लिहिले. त्याचा विषय होता : वर्णाविषयीचा पूर्वग्रह हाच सामाजिक प्रश्न आहे काय?