पाठमोरी नवरी

लग्नातला फोटो हा एक वाङ्मयप्रकार मानला, तर तो आपल्या उखाण्यासारखा आहे. त्याची चाल ठरलेली, यमके ठरलेली. बदलते ते फक्त नाव. मुंडावळ्या, अंतरपाट, अक्षता, सप्तपदी, एकमेकांना भरवलेला घास आणि शेवटी दोन्हीकडच्या मंडळींचा दाटीवाटीचा समूहफोटो, एवढ्यात आपला लग्नाचा अल्बम संपतो. त्यातला आनंद खोटा असतो असे मुळीच नाही; पण तो साच्यातला असतो, आणि कोणाच्याही घरचा अल्बम उघडला तरी तोच आपल्याला भेटतो.

म्हणून एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. मुलगी मोठ्या दुखण्यातून उठून बोहल्यावर उभी राहिली असेल, तर तिचा आनंद या साच्यात मावतो काय? कादंबरीकाराला इथे अडचण पडत नाही. मागची दहा प्रकरणे त्याच्या हाताशी असतात. दवाखान्यातल्या रात्री, आईचे उपास, डॉक्टरांचे गप्प राहणे हे सारे तो आधीच सांगून ठेवतो. मग लग्नाच्या प्रकरणात 'ती हसली' एवढेच लिहिले तरी वाचकाचा कंठ दाटतो. फोटोग्राफरजवळ मागची प्रकरणे नसतात. त्याच्याजवळ एक क्षण असतो, आणि त्या क्षणी ही नवरी इतर कोणत्याही नवरीसारखीच दिसते. बरे होणे म्हणजे आजार दिसेनासा होणे. जे दिसेनासे झाले ते कॅमेऱ्याने दाखवायचे तरी कसे?

या प्रश्नाला अलीकडच्या काळात एक लक्षात राहण्याजोगे उत्तर मिळाले, ते इंग्लंडात. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांची नात युजेनी हिचे जॅक ब्रुक्सबँक यांच्याशी लग्न झाले. ही मुलगी लहानपणी स्कोलिओसिसने, म्हणजे पाठीचा कणा एका बाजूला वाकत जाण्याच्या विकाराने, आजारी होती. २००२ साली, बाराव्या वर्षी, तिच्या कण्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यात टायटॅनियमच्या सळ्या बसवण्यात आल्या. लग्नासाठी तिने पीटर पिलोटो आणि ख्रिस्तोफर डी व्हॉस यांच्याकडून पाठीवर खोल गळा असलेला पोशाख करवून घेतला, आणि पाठ झाकेल असे अवगुंठन घेतलेच नाही. शस्त्रक्रियेचा व्रण सर्वांना दिसावा अशी तिचीच इच्छा होती.

त्या दिवशीच्या फोटोंपैकी मला मोलाचे वाटतात ते तिचे पाठमोरे फोटो. त्या दिवशी वारा सोसाट्याचा होता. वडिलांबरोबर ती चॅपेलच्या पायऱ्या चढते आहे, मागे पोशाखाचा घोळ पसरला आहे, वर बांधलेल्या केसांवर पाचूचा मुकुट आहे. आणि मानेखाली उघड्या पाठीवर मधोमध एक उभी रेघ आहे. ती रेघ लपत नाही आणि ओरडतही नाही. पाहणारा आधी पोशाख पाहतो, मुकुट पाहतो, आणि मग त्याची नजर तिथे थांबते. मागची दहा प्रकरणे त्या एका रेघेत आली आहेत.

इथे त्यांच्या विधीची रचनाही फोटोग्राफरच्या मदतीला आली आहे. चॅपेलमध्ये वधूचे तोंड वेदीकडे असते आणि पाठ जमलेल्या लोकांकडे. मुख्य विधी चालू असताना लोक तिची पाठच पाहत असतात. आपल्याकडे सारा सोहळा समोरून पाहायचा असतो. अंतरपाट दूर होतो तो मुखदर्शनासाठी, आणि फोटोवाल्याची सारी धडपड गुरुजींच्या खांद्यावरून चेहरा टिपण्याची. नवरीची पाठ शालूच्या पदराखाली राहते. तिला काही सांगायचे असेल अशी कल्पनाही आपण केलेली नसते.

या फोटोंना आणखी एक जोडचित्र आहे. लग्नाच्या काही महिने आधी युजेनीने आपल्या कण्याची क्ष-किरणचित्रे लोकांपुढे ठेवली होती. क्ष-किरणांचे आणि विवाहाचे नाते तसे जुनेच आहे. २२ डिसेंबर १८९५ रोजी विल्हेल्म राँटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे जे प्रसिद्ध चित्र घेतले, त्यात हाडांच्या बोटावर अंगठी स्पष्ट दिसते. मांस विरघळले आहे आणि सौभाग्याची खूण तेवढी उरली आहे. तो फोटो पाहून आनंद होत नाही, अंगावर काटा येतो. क्ष-किरणचित्र आतले सांगते पण त्यात माणूस नसतो. लग्नाच्या फोटोत माणूस असतो पण आतले काही नसते. पाठीवरचा व्रण ही या दोन चित्रांची सीमारेषा आहे. म्हणून ते पाठमोरे फोटो मला खरे वाटतात.

मात्र या फोटोंचे पुढे जे झाले ते मला तितकेसे रुचत नाही. धैर्याची, प्रेरणेची विशेषणे लावून ते जगभर छापले गेले. लग्नघरातून उचलून ते सुविचाराच्या फळ्यावर टांगल्यासारखे झाले. फळ्यावर रोज सुविचार लिहिण्यात ज्याची वर्षे गेली, त्याला हे नेमके कळते: फळ्यावर गेलेले वाक्य मुले वाचीनाशी होतात. बऱ्या झालेल्या मुलीने लग्नाच्या दिवशी धीराचा नमुना म्हणून उभे राहावे, ही अपेक्षा तिला पुन्हा रुग्णच करते. त्याच दिवशीच्या, ती नुसती मोकळेपणी हसते आहे अशा समोरच्या फोटोंचीही म्हणूनच गरज आहे. व्रण पाहून झाला की नजरेने चेहऱ्याकडे परत यावे.

दुसरा आक्षेप अधिक कडू आहे. राजघराण्यातल्या मुलीला व्रण दाखवणे परवडते. तो पाहून कोणी सोयरीक मोडणार नसते. आपल्याकडे मुलीचे दुखणे ही घरातली सर्वांत खोल पुरलेली गोष्ट. स्थळाकडे जाणाऱ्या फोटोतून पूर्वी स्टुडिओतल्या पेन्सिलीने डाग पुसले जात, आता संगणक पुसतो. आणि हे भय केवळ मनाचे खेळ नव्हते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून लिहिलेले होते. त्यावरच्या बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली, रोग पुरता बरा होऊ लागला. तरी ते कलम निघाले २०१९ साली. औषधाला जे लवकर साधले ते कायद्याला साधायला जवळजवळ चार दशके लागली. समाजाला किती लागतील?

आणि तरीही वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ साली उभारलेल्या आनंदवनात बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांची लग्ने लागत आली आहेत. तिथे फोटोग्राफरपुढचा प्रश्न पाठीचा नसून हातांचा आहे. औषधाने जंतू मरतो, पण झडलेली बोटे परत येत नाहीत. आणि लग्न म्हणजे तर हातात हात देणे. ते हात चौकटीबाहेर ठेवले तर लग्नच चौकटीबाहेर राहते. नुसते हातच जवळून टिपले तर नवरी राहत नाही, रोग राहतो. हिरव्या चुड्यासकट हात आणि त्या हातांची मालकीण एकाच चौकटीत आली पाहिजे, आणि ती तशी यावी की नाही हे तिने ठरवले पाहिजे.

विंडसरच्या फोटोंचे खरे श्रेय हेच आहे. काय दिसावे हे तिथे कॅमेऱ्याने ठरवले नव्हते. नवरीने शिंप्याकडे जाऊन आधीच ठरवले होते. फोटोग्राफरने फक्त योग्य बाजूला उभे राहायचे होते. आपल्या गावच्या मांडवात फिरणाऱ्या फोटोवाल्याला याहून वेगळा सल्ला देण्याची गरज नाही. मुहूर्तापूर्वी त्याने नवरीला एकदा विचारावे, "ताई, तुम्हांला काय दिसायला हवंय?" तिने "नुसतं हसू" म्हटले, तर तो फोटोही तितकाच खरा असेल.