‘उष्णतारोधक’ आणि ‘मजबूत’ : दोन विशेषणांची चिकित्सा

यंत्रोपयोगी प्लास्टिकांची निवड सांगताना मराठीत ‘उष्णतारोधक’ व ‘मजबूत’ ही विशेषणे सहज वापरली जातात. दोन्ही सुबोध आहेत. परंतु सुबोधता म्हणजे अर्थनिश्चिती नव्हे. निवड करणाऱ्यास जेथे भेद हवा, तेथे हे शब्द भेदच पुसून टाकतात.

उष्णता पलीकडे जाऊ न देणे आणि उष्णतेत स्वतः टिकणे, हे दोन्ही गुण ‘उष्णतारोधक’ या एकाच शब्दाने सुचविले जातात. वस्तुतः ते परस्परावलंबी नाहीत. पॉलिस्टायरीनच्या फेसाची उष्णतावाहकता सुमारे ०.०३५ वॉट प्रति मीटर-केल्विन असते. पण १०० अंश सेल्सिअसच्या आतच तो मऊ पडतो. पॉलिइथर इथर कीटोन सुमारे २५० अंशांपर्यंत दीर्घकाळ काम देते. त्याची वाहकता मात्र सुमारे ०.२५, म्हणजे फेसाच्या सातपट आहे. म्हणून ‘उष्णतारोधक’ हा शब्द पहिल्या गुणापुरताच राखावा आणि दुसऱ्यास ‘उष्णतासह’ म्हणावे.

‘मजबूत’चीही तीच गत. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट यांचे ताणबल साधारणपणे ६० ते ७० मेगापास्कल, म्हणजे जवळजवळ सारखेच. परंतु आघात होताच पहिले तडकते, दुसरे टिकते. बाभळीच्या लाकडाला ‘चिवट’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याजवळ हा भेद दाखविणारा शब्द आहे. शास्त्रीय लेखनाने तो टाळण्याचे कारण नाही.

शिवाय हे गुण पुष्कळदा परस्परांना छेद देतात. काचतंतू मिसळल्यास नायलॉनचे बल वाढते, तशी वाहकताही वाढते. प्लास्टिकाचा फेस केल्यास दोन्ही घटतात.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागातील दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि मातीचे माळवद यांनी उन्हाळा सुसह्य केला. अशी घरे ‘मजबूत’ मानणे स्वाभाविक होते. उभा भार त्या भिंती पेलीतही होत्या. आडवा हादरा सोसण्याचा गुण मात्र त्यांत नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्याच भिंती ढासळून हजारो माणसे गाडली गेली. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तेवढा उभा राहिला.

तात्पर्य, ‘मजबूत’ हे उत्तर नसून प्रश्नाचा आरंभ होय. कोणत्या भारास, कोणत्या दिशेने, किती तापमानात, हे सांगितल्यावाचून त्या विशेषणास परिभाषेत स्थान देता येणार नाही.