भाजल्यावर मध: सोलापूरचा पुरावा नीट वाचूया

मागच्या महिन्यात आत्याच्या हातावर उकळतं तेल उडालं. मी पोचेपर्यंत तिनं त्यावर मध चोपडला होता. "अगं, तूच तर म्हणाली होतीस ना, संशोधन झालंय म्हणून!" म्हणाले होते खरं. पण अर्धंच. म्हणून आज उरलेलं अर्धं.

हे संशोधन न्यूझीलंडचं नाही, आपल्या सोलापूरचं आहे. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त १०४ रुग्णांची चाचणी छापली. निम्म्यांना मध, निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम. पंधरा दिवसांत मधाच्या गटातल्या ८७ टक्के जखमा भरल्या, मलमाच्या गटातल्या फक्त १०.

आकडा भारी आहे, म्हणूनच इथे थांबायचं. त्याच सर्जननी १९९८ मध्ये 'बर्न्स'मध्ये ५० रुग्णांची चाचणी छापली. त्यात सातव्या दिवशी समाधानकारक नवी त्वचा आली होती मधाच्या ८४ टक्के आणि मलमाच्या ७२ टक्के रुग्णांत. दोन्हीकडचं मोजमाप अगदी एकसारखं नाही, हे मान्य. तरी एकदा पंधरा दिवसांत १० टक्के आणि एकदा सात दिवसांत ७२, हा फरक मधाचा नाही, मलमाच्या गटाचा आहे. मध दोन्ही वेळा जिंकला, पण किती फरकानं जिंकला ते समोर कोण उभं आहे यावर ठरलं. शिवाय हे मलम जखम भरायला उशीर लावतं, असं दिसून आलंय. मग त्याला हरवणं ही केवढी परीक्षा?

आता कोक्रेनचं २०१५ चं पुनरावलोकन. मधाचे समर्थक ते हमखास दाखवतात: अर्धवट खोलीच्या भाजण्यात नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा मधानं जखम सुमारे चार-पाच दिवस आधी भरते, पुरावा 'उच्च दर्जाचा', ९९२ रुग्ण. आत बघा. या ९९२ मध्ये चाचण्या दोनच, ९२ आणि ९०० रुग्णांच्या, आणि दोन्ही सुब्रह्मण्यम यांच्याच. बऱ्याच चाचण्या एकाच केंद्रातल्या आहेत, हा इशारा त्याच पुनरावलोकनात आहे. तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

मी त्यांच्या कामाला नावं ठेवत नाहीये. पुण्या-मुंबईबाहेरच्या एका कॉलेजात, स्वस्त वस्तू घेऊन त्यांनी वर्षानुवर्षं प्रश्न विचारले. उकडलेल्या बटाट्याच्या साली विरुद्ध मध, हीसुद्धा चाचणी केली! आणि १९९९ मध्ये मधाच्या विरोधात जाणारा निकालही स्वतःच छापला: मध्यम भाजलेल्यांत लवकर मृत त्वचा काढून त्वचारोपण करणं मधापेक्षा सरस. माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा पेपर. दोष त्यांचा नाही, इतकी वर्षं दुसऱ्या केंद्रांनी तेवढ्याच मोठ्या चाचण्या करून पडताळणी केली नाही, हा आहे.

बरं, मध काम करतो तो कसा? त्यात साखर इतकी घट्ट असते की जंतूंमधलं पाणी ओढलं जातं. तो आम्लधर्मी असतो. जखमेतल्या पाण्यानं पातळ झाला की त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. मध तापवला की हे एन्झाइम मरतं. दुकानातल्या बाटलीत मधच आहे याची तरी खात्री कुठे? २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं तपासलेल्या १३ ब्रँडपैकी फक्त तीन सगळ्या चाचण्यांत पास झाले. जंगलातून आणलेल्या शुद्ध मधातही बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. जखमेसाठीचा वैद्यकीय मध म्हणूनच गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.

तर आत्या, आणि तुम्हीही: भाजलं की आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. फोड मोठे असतील, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, तर थेट दवाखाना. मध लावायचा की नाही, ते तिथे डॉक्टर ठरवतील. स्वयंपाकघरातली बाटली चपातीसाठी ठेवा.