कथेची किंमत कोण मोजतो? : वॉरहॅमरमधल्या सैन्यनियमांविषयी

आजचा विषय काहींना पोरखेळ वाटेल. वाटू द्या. चांगला नियम कशाला म्हणायचे हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे, आणि टेबलावर मांडलेल्या प्लास्टिकच्या सैनिकांपुढेही तो तसाच उभा राहतो.

खेळ आहे वॉरहॅमर ४०,०००. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने तो १९८७ साली आणला. सैनिक विकत घ्यायचे, जोडायचे, रंगवायचे. मग दोघांनी ठरलेल्या पॉइंटांत बसणारे सैन्य मांडायचे आणि फासे टाकत लढायचे. सुदूर भविष्यातल्या या विश्वात प्रत्येक सैन्याला आपला इतिहास आहे. तो टेबलावर दिसावा म्हणून त्या त्या सैन्यापुरते जे नियम करतात, त्यांना आज आपण कथानियम म्हणू.

आपल्याकडे मीमांसकांनी विधीचे तीन प्रकार सांगितले आहेत. एरवी कळलीच नसती अशी गोष्ट सांगतो तो अपूर्वविधी. अनेक वाटा खुल्या असताना एक पक्की करतो तो नियमविधी. भाताचे तूस नखांनीही निघेल, पण कांडूनच काढायचे. आणि बाकीच्यांना वगळण्यासाठी येते ती परिसंख्या. आपल्या कामापुरते ढोबळपणे असे म्हणू, की पहिला देतो, दुसरा बांधतो, तिसरा काढून घेतो. आता कथानियम हातात घ्या आणि विचारा, हा यातले काय करतो?

२००० सालच्या एल्डारांच्या पुस्तिकेतली दोन उदाहरणे घेऊ. आयान्डेन हे त्यांचे अंतराळात तरंगणारे शहर. क्राकेन नावाच्या टोळधाडीसारख्या हल्ल्यात तिथली माणसे इतकी मेली, की उरलेल्यांना मृतांचे आत्मे कृत्रिम देहांत घालून लढवावे लागतात. नियमाने या रेथगार्ड तुकड्यांना सैन्याच्या मूळ गाभ्यात जागा दिली. रेथगार्ड चिवट, पण महाग. तोफेचा पल्ला फक्त १२ इंच. म्हणजे सैन्य आपोआप लहान होते, शत्रूच्या अगदी जवळ जावे लागते आणि एकेक गडी गेलेला जाणवतो. कुणी कथा वाचलेली नसली तरी चार फेऱ्यांत त्याला कळते, की या लोकांकडे माणसेच उरलेली नाहीत.

त्याच पुस्तिकेत अलाइटॉक आहे, भटक्या नेमबाजांचे शहर. त्यांच्यासाठी तक्ता दिला होता : सामना सुरू होण्याआधीच फासे टाकायचे आणि त्यानुसार शत्रूच्या तुकड्यांची दाणादाण उडवायची. कथेला धरून आहे का? आहे. पण समोरचा माणूस संध्याकाळ काढून खेळायला आलेला, आणि त्याने पहिली चाल करण्याआधीच त्याचा डाव विस्कटलेला. इथे एकाच्या कथेची किंमत दुसऱ्याने मोजली. आम्ही हा नियम वाईट म्हणतो तो तो बलवान होता म्हणून नव्हे; त्याला उत्तर देण्याची संधी समोरच्याला नव्हती म्हणून.

आता २००२ सालची केऑस स्पेस मरीन्सची पुस्तिका. जुने खेळाडू आजही तिचे नाव हळवे होऊन घेतात. तीत वर्ल्ड ईटर्स हे रक्तपिपासू सैन्य आहे. त्यांना जादूगार मिळत नाहीत आणि फाशाची लहर फिरली की त्यांचे वेडे वीर नको असताना शत्रूकडे धावत सुटतात. बघा, देणे आहे आणि काढून घेणेही आहे. सेनापती म्हणून तुम्ही वैतागता, आणि तो वैताग हीच त्या सैन्याची गोष्ट आहे.

तिथेच आयर्न वॉरियर्स आहेत, वेढे घालणारे तोफखान्याचे लोक. त्यांना वेगवान तुकड्यांच्या जागा सोडून अवजड शस्त्रांची एक जागा जास्त घेता येई. कागदावर हा सौदा रास्त दिसतो. पण ज्याला मागे उभे राहून तोफाच डागायच्या आहेत, त्याने त्या वेगवान तुकड्या घेतल्याच नसत्या. आपण ज्या गावाला जाणारच नव्हतो, त्या गावचे तिकीट परत केले आणि त्याबद्दल बक्षीस घेतले, असा हा त्याग! मग कथेचे प्रेम नसलेलेही आयर्न वॉरियर्स मांडू लागले, यात नवल काय?

२००७ साली नवी पुस्तिका आली आणि हे वेगवेगळ्या सैन्यांचे नियम जवळजवळ सगळेच गेले. गैरवापर थांबला हे खरे. पण वर्ल्ड ईटर्सचे वेडही त्याच झाडूने काढले. ज्यांनी ती लाल सैन्ये वर्षवर्ष बसून रंगवली, त्यांचा काय अपराध होता? सूट आणि बंधन यांतला फरक न करता सगळेच पुसले, ही आमच्या मते मूल्यमापनाचीच चूक होती.

बंधन असले म्हणजे झाले, असेही नाही. २०१५ साली स्पेस मरीन्सना ग्लॅडियस नावाची रचना मिळाली. ग्रंथात सांगितलेली कंपनी जशीच्या तशी पूर्ण मांडा, आणि तुकड्यांची चिलखती वाहने फुकट घ्या. बंधन कडक, कथाही शुद्ध. पण शेकडो पॉइंटांचा माल मोफत. समान पॉइंट हा दोघांमधला करार, आणि तोच मोडला.

२०२३ च्या दहाव्या आवृत्तीने वेगळी वाट धरली. युद्धपद्धतींचे नियमसंच केले, आणि मरीन्सच्या मुख्य पुस्तिकेतला हवा तो संच कोणत्याही रंगाच्या सैन्याने निवडावा. काहींना यात कथा पातळ झाली असे वाटते. त्यांचे दुःख आम्हाला समजते. रंग आणि नियम यांची गाठ सुटली की ओळख थोडी सैल होतेच. तरीही आम्ही या बदलाच्या बाजूने आहोत. साधारण तीन वर्षांनी आवृत्ती बदलणाऱ्या खेळात, एकदा दिलेल्या रंगाने माणसाला दुबळ्या नियमाशी जखडून ठेवणे न्याय्य नाही. मात्र या संचांतही देणेच फार आणि बांधणे फार थोडे, ही आमची तक्रार कायम आहे.

तेव्हा नवा कथानियम आला की तीन प्रश्न विचारा. यामुळे माझ्या चाली खरोखर बदलतात का? जे मी सोडतो, ते मला हवे होते का? आणि समोरच्याला खेळायला काही उरते का? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर तो नियम थोडा बलवान असला तरी चालेल, पॉइंट वाढवून ते दुरुस्त करता येते. तिसऱ्याचे उत्तर नाही असेल, तर कितीही सुंदर कथा सांगा, आम्ही तो नापासच करू. कारण कथा दोघांत मिळून घडायची आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.